स्टेक कितपत शिजवून मागायचा? (देशोदेशीचे अनुभव लिहा)

कढीलिंब
मंडळी, मी ल्योंला असते. पुढच्या महिन्यात कामासाठी ब्युनोस आयरेसला जायचंय आणि तिथल्या सहकाऱ्याने रविवारच्या आसादोचं, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजून जेवायच्या बेताचं, आमंत्रण आत्ताच देऊन ठेवलंय. सोबत प्रश्न: मांस कितपत शिजलेलं खातेस? फ्रान्समध्ये याचं उत्तर मी झोपेतही देईन, पण अर्जेंटिनाचं गणित वेगळं आहे असं ऐकून आहे. म्हणून हा धागा. गोमांस न खाणाऱ्यांनीही लिहा, कारण बदक, कोकरू, ट्यूना मागवलं तरी इथे हेच विचारतात.

आधी माझ्याकडचं सांगते. दुपारच्या गर्दीत बिस्त्रोत बसून फळ्यावरचं 'बावेत' किंवा 'ओंग्ले' मागितलं, की वेटर वहीतून मान वर न काढता एकच शब्द टाकतो: क्युइसाँ? म्हणजे कितपत शिजवू? उत्तरं चार. ब्लो म्हणजे कडकडीत तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी जेमतेम मिनिटभर. बाहेरून तपकिरी, आत जांभळट लाल आणि जवळजवळ गार. सेन्याँ म्हणजे आत लाल पण कोमट. आ प्वाँ म्हणजे मधोमध गडद गुलाबी, अमेरिकेतल्या मीडियम रेअरच्या आसपास. बियाँ क्वी म्हणजे पूर्ण शिजलेलं. अमेरिकेहून आलेले पाहुणे 'आ प्वाँ' म्हणजे मीडियम असं धरून चालतात आणि मग ताटाकडे बघत बसतात. त्यांना मी सांगते, तुमच्या सवयीपेक्षा एक पायरी जास्त शिजलेलं मागा.

आता माझं मत. 'फ्रेंच कच्चं खातात, अमुक देशातले करपवतात' असं जे आपण सहज बोलून जातो, त्यात फारसा दम नाही. तुकडा केवढा जाड, जनावर कुठलं, आत चरबी किती आणि खाली आच कसली, यावरच बहुतेक ठरतं. आवड मागून येते. बावेत आणि ओंग्ले हे पोटाकडचे, सैल आणि लांब धाग्यांचे पातळ तुकडे. चव जबरदस्त, पण जरा जास्त वेळ तव्यावर राहिले की चावत बसा. शिवाय इथलं बरंचसं गोमांस दूध द्यायचं थांबलेल्या गायींचं असतं. शारोले, लिमुझाँ या खास मांसाच्या जाती आहेत, पण त्यांच्यातही अमेरिकेतल्या धान्यावर पोसलेल्या जनावरासारखी आतून जाळी धरलेली चरबी नसते. अशा मांसाला जास्त आच सोसत नाही, म्हणून ते लाल खाल्लं जातं.

बदकाची छाती, म्हणजे माग्रे, गुलाबीच येते. जिगो, म्हणजे कोकराची तंगडी, तीसुद्धा. गावाकडून आलेल्या माझ्या आत्याने ती बघून मुकाट्याने बटाटे खाल्ले होते.

उंटावरचा_शहाणा
पहिला! रुमाल टाकून ठेवतो. असे धागे उपाशीपोटी उघडू नयेत.

भरली_वांगी
शुद्ध शाकाहारी असूनही शेवटपर्यंत वाचलं. आमच्या घरी दोनच पायऱ्या आहेत: शिजलं, आणि सासूबाईंच्या मते अजून नाही शिजलं.

सांबरशिंग
कढीलिंब, ब्युनोस आयरेस हे माझं खातं, बरीच वर्षं इथेच आहे.

पहिली गोष्ट, तुझ्या सहकाऱ्याने विचारलंय ते निव्वळ अगत्य. घरच्या आसादोत प्रत्येकाची वेगळी ऑर्डर घ्यायची पद्धत नाही. शेगडीजवळ एकच माणूस उभा असतो, आसादोर. तो म्हणेल ते खरं. जळत्या लाकडावर इथे मांस ठेवत नाहीत. बाजूला लाकूड किंवा कोळसा पेटवतात आणि निखारे झाले की छोट्या फावड्याने थोडे थोडे जाळीखाली ओढतात. जाळीच्या उंचीवर तळहात धरून बघतात, पाच-सहा सेकंद धरवला तर आच बरोबर. मीठ जाडं. मसाला नाही. चिमिचुरीची, म्हणजे पार्सली-लसूण-व्हिनेगरच्या सॉसची, वाटी टेबलावर असते, ज्याला हवी त्याने घ्यावी.

आधी चोरिसो पावात घालून देतात, मग मोर्सिशा म्हणजे रक्ताचं सॉसेज, मग मोशेहास, त्या ग्रंथी असतात, बाहेरून कुरकुरीत होईपर्यंत भाजलेल्या आणि वर लिंबू. खरं मांस येईपर्यंत अर्धं पोट भरलेलं. तिरा दे आसादो, म्हणजे आडव्या कापलेल्या बरगड्या, हाडाची बाजू खाली ठेवून सावकाश होतात. वासियो हा पोटाकडचा मोठा तुकडा, तोही तास-दीड तास घेतो. हे आतून गुलाबी नसतं आणि तरीही मऊ असतं. अर्जेंटिनाचे लोक मांस जास्त शिजवतात अशी जी ख्याती आहे तिचं मूळ या निखाऱ्यांत आहे. म्हणजे तुझा मुद्दा इथेही लागू आहे, फक्त उलट्या बाजूने.

रेस्टॉरंटात गेलीस, म्हणजे पारिशात, तर तिथे मात्र विचारतील. हुगोसो म्हणजे रसाळ, कमी शिजलेलं, आ पुंतो म्हणजे मधलं, बिएन कोसिदो म्हणजे पूर्ण शिजलेलं. आ पुंतो मागितलंस तर गुलाबी रंगाची नुसती रेघ मिळेल, कधी तीही नाही. तू फ्रान्सहून येतेस, डोळे झाकून हुगोसो सांग. ब्लोच्या जवळचं हवं असेल तर 'वुएल्ता इ वुएल्ता', म्हणजे नुसतं इकडून तिकडे उलटवलेलं. वेटर एकदा खात्री करून घेईल. बिफे दे चोरिसो मागवलंस तर चोरिसो सॉसेजशी त्याचा संबंध नाही, तो कमरेकडचा जाड स्टेक आहे. अन्त्रान्या हा पातळ पडदा, तो मात्र झटपट भाजतात. तुझ्या ओंग्लेचा शेजारीच.

आणि सगळे जेवायला बसले की कोणीतरी ओरडतं, 'उन आप्लाउसो पारा एल आसादोर!' टाळ्या वाजवायच्या. मांस कसंही झालेलं असो.

टेक्सासतात्या
धागा आवडला, पण 'आवड मागून येते' हे पटलं नाही. ह्यूस्टनला या. चार मराठी कुटुंबं स्टेकहाउसमध्ये गेलो की एकाच जातीचा, एकाच जाडीचा रिबआय (बरगडीकडचा स्टेक) आठ जण आठ तऱ्हांनी मागवतात. भटारखाना एक, ब्रॉइलर एक. मग हे आवडीवर नाही तर कशावर?

अमेरिकेत गिऱ्हाईक राजा. पाच पायऱ्या ठरलेल्या: रेअर, मीडियम रेअर, मीडियम, मीडियम वेल, वेल डन. बऱ्याच ठिकाणी तर मेन्यूवरच छापतात की मीडियम रेअर म्हणजे मध्यभाग लाल आणि कोमट, मीडियम म्हणजे गुलाबी आणि गरम. म्हणजे भांडण नको. ताट ठेवल्यावर वेटर तिथून हलत नाही. म्हणतो, मधोमध कापून बघा. कापायचं, रंग बघायचा, मान हलवायची, मग तो जातो. कमी शिजलं असेल तर परत पाठवायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही. जास्त शिजलं असेल तर नवीन आणतात, कारण उलटं शिजवता येत नाही.

एक गंमत म्हणजे पिट्सबर्ग. बाहेरून काळाकुट्ट, आत गार. पोलाद कारखान्यांतले कामगार तापल्या लोखंडावर मांस भाजायचे अशी त्यामागे दंतकथा आहे. मला नाही आवडत, पण मागवणारे आहेत.

आणि सरकारचं म्हणणं काय? अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा की अखंड तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअसला पोचवून तीन मिनिटं ठेवावा, आणि खिमा ७१ ला. मीडियम रेअर साधारण ५४ ते ५७ ला होतो. म्हणजे देशातला आवडता स्टेक सरकारी आकड्याच्या खालीच! त्यासाठीच मेन्यूच्या तळाशी तारांकित बारीक अक्षरांत इशारा असतो, कच्चं मांस खाल्ल्याने आजाराचा धोका वगैरे. वाचत कोणी नाही.

खुशालचेंडू
तात्या, तुमचा राजा फ्लोरेन्सला जाऊ द्या, पदच्युत होऊन परत येईल.

बिस्तेक्का आल्ला फियोरेन्तिना. मधे इंग्रजी टी आकाराचं हाड, तीन-चार बोटं जाड, किलोच्या वर वजन. मेन्यूवर किंमत वजनावर. आधी कच्चा तुकडा आणून दाखवतात, तुम्ही हो म्हणायचं. कितपत शिजवू, हे विचारत नाहीत. निखाऱ्यावर एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, मग हाडावर उभा करून. येतो तो आल सांग्वे, लाल. काही ठिकाणी भिंतीवर पाटीच असते की पूर्ण शिजवून मिळणार नाही. पुणेरी पाट्यांची सवय असलेल्या माणसाला अगदी घरी आल्यासारखं वाटतं. चौघांत एक मागवा, बरोबर तोस्कानातले पांढरे घेवड्याचे दाणे.

मॅड काऊच्या साथीनंतर २००१ मध्ये युरोपीय संघाने पाठीच्या कण्याचं हाड असलेल्या मांसावर बंदी घातली आणि फियोरेन्तिनाच गायब झाली. कियांतीतल्या पान्झानो गावच्या दारियो चेक्किनी या प्रसिद्ध खाटकाने तेव्हा तिची चक्क अंत्ययात्रा काढली होती. २००६ उजाडल्यावर ती परत आली. ब्रिटनमध्येही डिसेंबर १९९७ ते डिसेंबर १९९९ अशी हाडासकट गोमांसाची विक्री बंद होती.

कढीलिंब
तात्या, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. दीड इंच जाडीचा, चरबीची जाळी असलेला रिबआय कसाही शिजवला तरी खाववतो, म्हणून आठ जणांना आठ आवडी परवडतात. आमच्या ओंग्लेवर हा प्रयोग करून दाखवा.

टेक्सासतात्या
अर्धं मान्य. पण मग बायकोचं काय? त्याच रिबआयवर ती वेल डनच घेते, कारण तिला ताटात लाल पाणी बघवत नाही. इथे जाडीबिडी काही नाही, हे बघण्याचं आहे.

सूक्ष्मदर्शक
पेशाने सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, म्हणून चार ओळी. (चार होणार नाहीत.)

वहिनींना सांगा, ते लाल पाणी रक्त नव्हे. रक्त कत्तलीच्या वेळीच निघून जातं. स्नायूंत मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याचा तो रंग. म्हणूनच हलाल पद्धतीच्या मांसाचा स्टेकही आतून लालच निघतो. साधारण ६० अंशांच्या पुढे मायोग्लोबिनचा रंग बदलायला लागतो आणि मांस करडं होतं.

अखंड तुकड्यात जंतू असले तर ते बहुतेक पृष्ठभागावर असतात, आणि तापल्या तव्यावर ते मरतात. आतलं मांस लाल राहिलं तरी धोका कमी असतो तो यामुळे. खिमा केला की पृष्ठभाग आत जातो आणि हे सगळं कोलमडतं. अमेरिकेत १९९३ मध्ये अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे ई. कोलायची मोठी साथ आली, त्यात मुलं दगावली. तेव्हापासून तिथे खिम्याचे नियम कडक झाले. फ्रान्समध्येसुद्धा मुलांसाठी 'स्तेक आशे', म्हणजे खिम्याचा स्टेक, पूर्ण शिजवायला सांगतात. अर्जेंटिनात या जंतूमुळे लहान मुलांना होणारा मूत्रपिंडाचा आजार, हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, जगात सर्वाधिक प्रमाणात दिसतो, त्यामुळे तिथले बालरोगतज्ज्ञ खिम्याबाबत फार काटेकोर असतात.

एक चोरवाट लक्षात ठेवा. मांस मऊ करायला यंत्राने बारीक पाती किंवा सुया टोचतात. बाहेरून तुकडा अखंड दिसतो, पण जंतू आत ढकललेले असू शकतात. कॅनडात २०१४ पासून आणि अमेरिकेत २०१६ पासून अशा मांसावर तसं छापावं लागतं. ते मांस लाल खाऊ नका. गरोदर स्त्रियांनी कुठलंच लाल मांस नको, टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी हे वेगळं प्रकरण आहे.

आता मऊपणाबद्दल, कारण कढीलिंब यांचा मुद्दा इथेच बसतो. स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन ५० अंशांच्या सुमारास घट्ट व्हायला लागतं, तिथे मांसाला चावण्याजोगा पोत येतो. अॅक्टिन हे दुसरं प्रथिन ६६ च्या पुढे आवळतं आणि पाणी पिळून बाहेर काढतं, तिथे मांस कोरडं पडतं. या दोन आकड्यांमधली जागा म्हणजे स्टेक. पण जनावराच्या खांद्यात, बरगडीत, मांडीत कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं, ते ७० च्या पुढे तासन्‌तास ठेवलं की विरघळून जिलेटिन होतं आणि मांस पुन्हा मऊ लागतं. आपलं मटण 'हाडापासून सुटलं पाहिजे' म्हणतो ते हे. सांबरशिंग यांच्या बरगड्याही याच गटात. मधल्या पट्ट्यात अडकलेलं मांस दोन्हीकडून जातं. ज्यांचा हात मटणावर बसलाय ते स्टेक नेमका त्या पट्ट्यात नेऊन ठेवतात आणि मग म्हणतात, 'अजून थोडा शिजवायला हवा होता.'

उंटावरचा_शहाणा
मग सिझलरचं काय? कॅम्पात कोणी मला मीडियम की वेल डन हे विचारल्याचं आठवत नाही.

कॅम्पातला_पोरगा
मी सांगतो, पुण्यात छोटं किचन चालवतो. सिझलरमध्ये विचारून उपयोग नाही. लोखंडी प्लेट लालबुंद तापवायची, खाली कोबीची पानं, वर मांस, फ्राइज, भाज्या, सॉस ओतला की धूर. ती प्लेट टेबलावर पोचून गिऱ्हाईक फोटो काढेपर्यंत मांस शिजतच असतं. मीडियम द्या, पाच मिनिटांत वेल डन.

तव्यावरच्या स्टेकचं वेगळं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्याही कत्तलीवर बंदी आहे, गाईंवर तर आधीपासूनच होती. तेव्हा इथे कायदेशीर स्टेक म्हणजे म्हशीचा, मेन्यूवर 'टेंडरलॉइन', आमच्या भाषेत अंडरकट. (कायद्यावर वाद घालायचाय त्यांनी वेगळा धागा काढा, इथे फक्त तवा.) म्हशीच्या मांसात चरबीची जाळी जवळपास नसते आणि मायोग्लोबिन जास्त, त्यामुळे रंग गडद. त्याच तपमानाला ते जास्त कच्चं दिसतं. गिऱ्हाईक मीडियम मागतं, आत बघतं, म्हणतं 'दादा, रक्त आहे', प्लेट परत. परत तव्यावर गेलं की चप्पल. मी आता अंडरकटचे चार सेंटिमीटर उंच गोल काप करतो, बटर चमच्याने वरून ओतत राहतो, ५५-५६ ला उतरवतो आणि पाच मिनिटं झाकून ठेवतो. आतली उष्णता आणखी तीन-चार अंश चढते, रस आत मुरतो, ताटात लाल पाणी कमी येतं. तक्रारी खूप कमी झाल्या. वेल डन मागणाऱ्याला नाही म्हणत नाही, पण त्याच्यासाठी काप उभा चिरून उघडतो, पातळ असला की लवकर होतो आणि कमी सुकतो.

मांडवीकाठ
गोंयच्या घरात हा प्रश्नच नाही. आमचा बीफ स्टेक पातळ काप, आलं-लसूण, मिरपूड, व्हिनेगर लावून मुरवलेला, तव्यावर कांद्यासोबत परतलेला. शिजलेलाच असतो आणि पावाबरोबर झकास लागतो. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये परदेशी पाहुणे मीडियम रेअर मागतात तेव्हा जाड अंडरकट वेगळा काढतात. लिस्बनला गेले होते तेव्हा तिथला बितोक बघून ओळख पटली: पातळ स्टेक, वर तळलेलं अंडं, भात आणि फ्राइज. त्यांचं माल पासादो, म्हणजे कमी शिजलेलं, पातळ कापात करून दाखवणं मोठं कठीण काम.

वासाबी_वडा
तोक्योहून. जपानी वाग्यू गोमांसामुळे कढीलिंब यांच्या म्हणण्याला आणखी एक टेकू मिळेल. ए५ या सर्वोच्च दर्जाच्या मांसात चरबी इतकी की रेअर दिलं तर ती नीट वितळलेली नसते, तोंडात मेणचट लागते. म्हणून तेप्पानवर, म्हणजे सपाट लोखंडी तव्यावर, शेफ साधारण मीडियम रेअर ते मीडियमपर्यंत नेतो, समोरच चौकोनी तुकडे करतो आणि मीठ, वासाबी, लसणाचे तळलेले काप ठेवतो. मांस ग्रॅमवर विकतात, शंभर ग्रॅममध्ये माणूस तृप्त. फ्रान्समध्ये चरबी कमी म्हणून लाल, इथे चरबी जास्त म्हणून थोडं पुढे.

चीन आणि तैवानमध्ये आकड्यांत सांगतात, दहापैकी तीन भाग शिजलेलं, पाच भाग, सात भाग, नाहीतर पूर्ण. सम आकडा कोणी म्हणत नाही. तैपेईच्या रात्रबाजारात तर स्टेक तापल्या लोखंडी ताटलीत येतो, बाजूला नूडल्स, अंडं आणि काळ्या मिरीचा सॉस. कॅम्पातला_पोरगा, तुमच्या सिझलरचं चुलतभावंडं म्हणा.

टेक्सासतात्या
चला, जाडी, चरबी, आच, सगळं मान्य. तरी मी एक जोडतो: ऑर्डर घेण्याची पद्धत. फ्लोरेन्सला विचारत नाहीत, ब्युनोस आयरेसच्या घरी विचारतात पण ऐकत नाहीत, आमच्याकडे विचारतात आणि कापून दाखवायला लावतात. जिथे परत पाठवायची सोय आहे तिथे माणूस वेगळी आवड बाळगू शकतो. कढीलिंब, ल्योंला कधी स्टेक परत पाठवलाय का?

कढीलिंब
'अजून थोडा शिजवा' म्हणून पाठवता येतो, वेटर खांदे उडवतो आणि नेतो. 'जास्त शिजलाय' म्हणून पाठवताना मात्र स्वर सौम्य ठेवावा लागतो. तुमचा मुद्दा खरा आहे. इथे ऑफिसातल्या नव्या मुलांना मी बघते, सुरुवातीला बियाँ क्वी, वर्षभराने आ प्वाँ. कँटीनमध्ये रोज तोच पातळ तुकडा मिळाला की जीभ आपोआप वळते. म्हणून आवड मागून येते म्हटलं, येत नाही असं नाही म्हटलं.

सांबरशिंग, शेवटचा प्रश्न. रविवारी हातात काय घेऊन जाऊ? आणि किती वाजता?

सांबरशिंग
वाइन चालेल, पण ती सगळेच आणतात. आइसक्रीमच्या दुकानातून किलोचा डबा ने, इथे ते किलोवर मिळतं, दुल्से दे लेचेची, म्हणजे साखर घालून आटवलेल्या दुधाची, चव असू दे. एक वाजता बोलावलं असेल तर दीडला पोच. त्यानंतरही मांस तीनच्या आत ताटात येणार नाही, तेव्हा सकाळी नीट खाऊन नीघ. निखारे सरकवायला मदत करू का, असं चुकूनही विचारू नकोस. सॅलड चिरायला विचार, ते काम कायम रिकामं असतं.